दहा हजारांत गाडीचा स्टिरिओ: स्क्रीन टाकण्याआधी एवढं वाचाच

शनिवारी संध्याकाळी मावसभावाचा फोन आला. "दादा, नाना पेठेत उभाय. नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन, चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी स्टोरेज, रिव्हर्स कॅमेरा फ्री. फिटिंगसकट साडेसात हजार म्हणतायत. टाकू का?"

मी म्हटलं, "आधी दुकानाबाहेर ये, एक चहा पी, मग बोलू."

त्याने नुकतीच २०१५ ची हॅचबॅक घेतली आहे, एमएच १४ पासिंग, तिसरा मालक. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि वरचा सेसही गेला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या हा मुद्दा पुढे करून पठ्ठ्याने जुन्या गाडीच्या भावात पंधरा हजार पाडून घेतले होते. ते पंधरा हजार खिशात खुळखुळत होते, आणि गाडीतला सेट म्हणजे सीडी, एफएम आणि एक ऑक्सचं भोक. हिंजवडीला रोज जाणाऱ्या माणसाला हे पुरणार नाही, हे मलाही कळतं. टॉमटॉमच्या २०२४ च्या यादीत पुणे जगातल्या सगळ्यात संथ शहरांमध्ये चौथं होतं. दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. एवढा वेळ गाडीत बसायचं तर गाणी तरी धड ऐकू यावीत, ही मागणी काही चैनीची नाही.

पण साडेसात हजारांच्या त्या स्क्रीनला मी नाही का म्हटलं, ते जरा नीट सांगतो. कारण हाच प्रश्न सध्या मला दर पंधरा दिवसांनी कुणी ना कुणी विचारतंय.

स्वस्त अँड्रॉइड स्क्रीनमध्ये नक्की काय येतं?

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने एक जाहीर इशारा दिला. विषय होता 'बॅडबॉक्स २.०' नावाचं बॉटनेट. बॉटनेट म्हणजे लोकांच्या नकळत ताब्यात घेतलेल्या हजारो-लाखो उपकरणांची फौज. कुठल्या उपकरणांना धोका आहे त्याची यादी एफबीआयने दिली होती. त्यात टीव्हीचे स्ट्रीमिंग बॉक्स, प्रोजेक्टर, डिजिटल फोटो फ्रेम यांच्यासोबत स्पष्ट उल्लेख होता बाहेरून बसवलेल्या कार इन्फोटेनमेंट सिस्टिमचा. म्हणजे नेमकं तेच, जे आपण नाना पेठेत जाऊन बसवून घेतो. पुढच्याच महिन्यात गूगलने हे बॉटनेट चालवणाऱ्यांवर न्यूयॉर्कच्या कोर्टात खटला भरला आणि एक कोटीहून जास्त उपकरणं यात सापडल्याचं सांगितलं.

आपल्याकडे ही बातमी 'स्वस्त टीव्ही बॉक्सपासून सावध' एवढ्यावर संपली. गाडीचा स्टिरिओ त्यातून गळून गेला.

इथे एक गोष्ट समजून घ्या. तुमच्या फोनमध्ये आहे ते अँड्रॉइड आणि त्या स्क्रीनमधलं अँड्रॉइड, दोन्हींचं नाव एक असलं तरी वंशावळ वेगळी. अँड्रॉइडचा मूळ कोड कुणालाही फुकट घेता येतो. तो घेऊन कुठलाही कारखाना स्वतःचं सॉफ्टवेअर बनवू शकतो, त्यासाठी गूगलला विचारायची गरज नाही. पण गूगलच्या तपासणीतून पास झालेल्या उपकरणालाच 'प्ले प्रोटेक्ट सर्टिफाइड' म्हणतात. बॅडबॉक्समध्ये अडकलेली उपकरणं या तपासणीतून न गेलेली होती. काहींमध्ये मालवेअर कारखान्यातून किंवा वाटेतच भरून आलं होतं. काहींमध्ये सेटअप करताना 'हे अ‍ॅप टाकावंच लागेल' म्हणून जे अ‍ॅप उतरवलं जातं, त्यातून शिरलं.

शिरून करतं काय? तुमचं इंटरनेट कनेक्शन तिसऱ्याच कुणालातरी वापरायला देतं. तो माणूस जगात कुठेही बसून उद्योग करतो आणि सगळीकडे पत्ता दिसतो तुमच्या हॉटस्पॉटचा. शिवाय जाहिरातींवर खोटे क्लिक होतात, तुमचा डेटा जळतो तो वेगळाच. आणि गाडीतल्या स्क्रीनकडे आणखी काय काय असतं ते मोजा. कॉलसाठी माइक, नकाशासाठी जीपीएस, ब्लूटूथवरून आलेली सगळी फोनबुक, आणि यूट्यूब लावायला म्हणून तुम्ही टाकलेला जीमेलचा पासवर्ड. त्याच जीमेलवर बँकेचे मेल येतात.

प्रत्येक स्वस्त स्क्रीनमध्ये मालवेअर असतंच असं मी म्हणत नाहीये. बहुतेकांत नसेलही. अडचण अशी की खोक्यावर कंपनीचं धड नाव नाही, वेबसाइट नाही, सिक्युरिटी अपडेट कधीच येणार नाही, आणि दुकानदारालाही आत काय आहे ते माहीत नाही. तो बिचारा फिटिंग करतो. घरात अशी स्क्रीन आधीच बसलेली असेल तर प्ले स्टोअर उघडा, प्रोफाइलवर टॅप करून सेटिंग्जमध्ये जा आणि 'अबाउट'मध्ये प्ले प्रोटेक्टची ओळ बघा. सर्टिफाइड नाही असं दिसलं तर त्यातून मुख्य गूगल खातं काढून टाका. नकाशा-गाण्यांसाठी वेगळं, रिकामं खातं बनवा.

दुसरी गोष्ट रॅमची. सेटिंग्जमध्ये 'चार जीबी' दिसतं म्हणजे आत चार जीबी असतेच असं नाही. ते फक्त स्क्रीनवर छापलेलं एक वाक्य असतं, आणि सॉफ्टवेअर बनवणारा तिथे हवा तो आकडा लिहू शकतो. अँड्रॉइडच्या व्हर्जनचंही तेच. वर '१४' लिहिलेलं, आत कितीतरी जुनं. हा खेळ जुनाच आहे, पण २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपच्या किमती भडकल्यात. एआयच्या डेटा सेंटर्सना रॅम हवी आहे, कारखाने तिकडे वळलेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशल' हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायची घोषणा केली. फोनवाले किमती वाढवून मोकळे होतात. पण जो माल फक्त किमतीवर विकला जातो, ज्याचं साडेसात हजार हेच एकमेव आकर्षण, तो बनवणारा काय करेल? माझा अंदाज असा की आकडा तोच राहील आणि आतली चिप बारीक होईल.

बिनडोक स्क्रीन बरी

मग स्क्रीन घ्यायचीच नाही का? घ्या. पण अशी घ्या जिला स्वतःचं डोकं नाही.

अँड्रॉइड ऑटो आणि अ‍ॅपल कारप्ले या दोन्ही गोष्टी २०१४ मध्ये जाहीर झाल्या आणि त्यांची कल्पना फार साधी आहे. सगळं काम तुमचा फोन करतो. गाडीतली स्क्रीन फक्त चित्र दाखवते आणि तुमचं बोट कुठे लागलं ते फोनला कळवते. नकाशा फोनचा, इंटरनेट फोनचं, खातं फोनमध्येच. फोनला अपडेट आलं की गाडीलाही आल्यासारखंच. पाच वर्षांनी तुम्ही नवा फोन घ्याल तेव्हा गाडीतली स्क्रीनही आपोआप नवी झालेली असेल. सोनी, पायोनियरसारख्या ब्रँडचे असे सेट साधारण बारा ते वीस हजारांत मिळतात. हो, दहा हजारांच्या वर. त्यावर खाली येतोच.

उलटी गंमत जगात चालू आहे. जनरल मोटर्सने २०२३ मध्ये सांगितलं की त्यांच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो देणार नाही, कंपनीचीच सिस्टिम वापरा. म्हणजे गाडीतला पडदा कुणाच्या ताब्यात, फोनवाल्यांच्या की गाडीवाल्यांच्या, यावरून मोठमोठ्या कंपन्यांची ओढाताण आहे. आणि त्याचा एक धागा आपल्या तळेगावातून जातो. याच जनरल मोटर्सच्या तळेगावच्या कारखान्यात शेवरोले बीट बनायची. २०२० च्या डिसेंबरात तिथलं उत्पादन थांबलं, पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेली नवी व्हेन्यू आता तिथे बनते. त्या व्हेन्यूत १२.३ इंचाच्या दोन स्क्रीन एकाच वळणदार पट्टीत जोडलेल्या आहेत. एक गाण्यांची, एक ड्रायव्हरसमोरच्या मीटरची. आता यातला 'स्टिरिओ' बदलायचा म्हणजे नक्की काय काढायचं?

जुन्या गाडीत हे सोपं होतं, कारण डॅशबोर्डमध्ये एक ठरलेल्या मापाची खोबण असायची. १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच असेल तर सिंगल डिन. तीच रुंदी आणि १०० उंच असेल तर डबल डिन. डिन हे जर्मनीच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेचं संक्षिप्त नाव, आणि पुढे हेच माप आंतरराष्ट्रीय झालं. त्यामुळे जपानचा सेट कोरियाच्या गाडीत बसायचा आणि नाना पेठेतला मुलगा अर्ध्या तासात काम उरकायचा. नव्या गाड्यांमध्ये ती खोबणच गेली. जेबीएल आणि इन्फिनिटी ज्या हरमन कंपनीचे ब्रँड आहेत, तिचा कारखाना चाकणला आहे आणि २०१७ पासून ती कंपनी सॅमसंगची आहे. तिथे तयार होणारे सेट सुरुवातीपासूनच गाडीच्या बाकी यंत्रणेशी बांधून येतात. कॅमेरा त्यातच, गाडीच्या सेटिंग्ज त्यातच. तेव्हा तुमच्याकडे साधारण दहा वर्षांपूर्वीची, डिन खोबणीची गाडी असेल तर कमी पैशांत सेट बदलायची मुभा असलेल्या शेवटच्या पिढीपैकी एक तुमच्याकडे आहे असं समजा. नव्या गाडीत हात घालता येईल असा एकच भाग उरतो, आणि खरं सांगायचं तर पैसे तिथेच घालायचे असतात.

दारातला कागद

तो भाग म्हणजे पुढच्या दारांतले स्पीकर. दाराचं आवरण काढून कंपनीचा स्पीकर हातात घेऊन बघा. स्वस्त गाडीत बहुधा पातळ कागदाचा कोन, मागे नाण्याएवढा वाटावा असा चुंबक आणि भोवती प्लॅस्टिकची चौकट. सेट कितीही भारी लावा, आवाज शेवटी याच कागदातून येणार.

आता वॅटचं गणित. सेटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत '५० वॅट गुणिले ४' लिहिलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीच्या वायरिंगमध्ये साधारण १४.४ व्होल्ट असतात आणि बहुतेक स्पीकर ४ ओहमचे. १४.४ चा वर्ग करा, ४ ने भागा. उत्तर येतं ५१.८. हाच तो पन्नास वॅट. पण हा आकडा आवाज पूर्ण फाटून लहर चौकोनी झाल्यावरचा आहे. स्वच्छ आवाजासाठी त्याच्या निम्मे, म्हणजे २६ वॅट ही कागदावरची कमाल मर्यादा. आतल्या चिपमध्ये वाया जाणारं धरलं की हातात उरतात पंधरा ते वीस. वेगळा अँप्लिफायर न लावता याच्या पुढे सहसा कुठलाही सेट जात नाही. दोन हजारांचा नाही आणि वीस हजारांचाही नाही. खोक्यावरचा आकडा बघून सेट निवडण्यात म्हणूनच अर्थ नाही. बघायचाच असेल तर आरएमएसचा आकडा बघा.

मग याच वीस वॅटमध्ये आवाज वाढवायचा कसा? स्पीकरच्या खोक्यावर 'सेन्सिटिव्हिटी' नावाची एक ओळ असते, डेसिबलमध्ये. ८९ ऐवजी ९२ डेसिबलचा स्पीकर घेतलात, तर तीन डेसिबलचा तो फरक वॅट दुप्पट केल्याइतका असतो. खिशातून जादा काही न जाता. दुकानात मात्र कुणी ही ओळ दाखवत नाही. ते '३०० वॅट मॅक्स' दाखवतात.

नावाजलेल्या ब्रँडची साडेसहा इंची कोअ‍ॅक्शियल जोडी, म्हणजे मोठ्या कोनाच्या मध्येच छोटा ट्वीटर बसवलेली, साधारण अडीच ते चार हजारांत येते. तुमच्या दाराला कुठला साइज लागतो ते आधी बघा. मागचे स्पीकर आहेत तसेच राहू द्या. मागे गाणं ऐकायला कोण बसतं?

स्पीकर बदलताना दारावरही थोडं काम करून घ्या. दाराच्या पत्र्याला आतून ब्युटाइल रबरची, वर अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली शीट चिकटवतात. फिटिंगवाले तिला डॅम्पिंग शीट म्हणतात. पत्र्याचा खडखडाट थांबतो आणि बास अचानक 'येतो'. खरं तर बास आधीही होता, पत्रा तो खात होता. पूर्ण गाडीला लावायची गरज नाही, पुढची दोन दारं पुरेत. आणि पुण्यात राहता म्हणून एक बारीक गोष्ट सांगतो. दाराच्या आवरणामागे एक प्लॅस्टिकचा कागद असतो, काचेवरून आत उतरणारं पावसाचं पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून. घाईत तो फाडून फेकला जातो. मे महिन्यात काही कळत नाही. जुलैत पायाखालची मॅट ओली व्हायला लागली की लोक सनरूफ नसलेल्या गाडीचं छत तपासत बसतात. तो कागद परत नीट चिकटवून घ्या. स्पीकरखालची रिंगही एमडीएफ लाकडाची नको, पाण्याने फुगते. प्लॅस्टिकची घ्या.

काम झालं की दुकानातून निघण्याआधी एक परीक्षा. बास असलेलं, तुमच्या पाठ असलेलं गाणं लावा. बॅलन्स मध्यावर ठेवून ऐका, मग पूर्ण एका बाजूला न्या. एका बाजूला नेल्यावर बास वाढला तर एका स्पीकरच्या वायरी उलट जोडल्या गेल्यात. एकाचा कोन बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो आणि दोघं एकमेकांचा आवाज मारतात. दोन मिनिटांची दुरुस्ती, पण न ऐकता घरी गेलात तर वर्षभर 'स्पीकर बेकार निघाले' म्हणत राहाल.

वायर कापू देऊ नका

यात मी स्वतः पोळलोय. चार वर्षांपूर्वी माझ्या गाडीत सेट बदलून घेतला. मुलाने कंपनीचा कपलर कापून टाकला, वायरींना पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळली. गणपतीला चार दिवस गावाला रेल्वेने गेलो, परत आलो तर गाडीतून 'टक' एवढाच आवाज. बॅटरी पूर्ण डाऊन. सेटच्या मागे एक पिवळी वायर असते, तिला बॅटरीचा कायमचा करंट लागतो, वेळ आणि स्टेशन लक्षात ठेवायला. लाल वायरला चावी फिरवल्यावरच करंट मिळायला हवा. माझ्याकडे दोन्ही एकत्र करून कायमच्या करंटवर टाकल्या होत्या. सेट चार दिवस आतल्या आत जागा होता.

उपाय पाचशे रुपयांच्या आत आहे. तुमच्या मॉडेलचा कपलर मागा. एक टोक गाडीच्या मूळ सॉकेटमध्ये, दुसरं सेटमध्ये, काहीच कापायचं नाही. गाडी विकताना जुना सेट परत बसवता येतो. गाडी वॉरंटीत असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण कापलेली वायर दिसली की पुढच्या कुठल्याही इलेक्ट्रिकल बिघाडाचा क्लेम नाकारायला सर्व्हिस सेंटरला आयतं निमित्त मिळतं. आणि बिल पक्कं घ्या, मॉडेल नंबर लिहिलेलं. ब्रँडच्या नावाखाली डुप्लिकेट स्पीकर विकले जातात. बिलावर नंबर लिहायला दुकानदार का-कू करू लागला की काय ते समजा.

मूळ सेट ठेवून फक्त ब्लूटूथ हवं असेल तर ऑक्समध्ये लावायचा रिसीव्हर हजाराच्या आत मिळतो. इंजिनच्या वेगाबरोबर 'कुंईं' असा आवाज चढू-उतरू लागला तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाचा छोटा डबा मध्ये लावा. लायटरमध्ये खुपसायचा एफएम ट्रान्समीटर मात्र अगदीच नाइलाज असेल तर. एफएमवर मुळात १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जातच नाही, आणि पुण्यात ९१.१, ९३.५, ९८.३, १०१ अशी स्टेशनं दाटीवाटीने बसलेली असताना मोकळी जागा शोधत चांदणी चौकातून जाणं हा छळ आहे.

जाता जाता रेडिओचं एक. ट्रायने ऑक्टोबर २०२५ मध्ये खासगी डिजिटल रेडिओसाठी शिफारशी केल्या. सुरुवात ज्या तेरा शहरांत व्हावी असं म्हटलंय त्यात पुणे आहे. सध्याचं एफएमही सोबत चालू राहावं अशी त्यात कल्पना आहे. तेव्हा 'डिजिटल रेडिओ रेडी' म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर आत्ता देऊ नका.

मावसभावाचं शेवटी असं ठरलं. पुढच्या दारांचे स्पीकर तीन हजार, डॅम्पिंग शीट दीड हजार, स्पीकरचे कपलर आणि प्लॅस्टिकच्या रिंगा मिळून सहाशे, मजुरी हजार, ऑक्सचा ब्लूटूथ रिसीव्हर आठशे. एकूण सहा हजार नऊशे. स्क्रीनच्या जागी फोनचा एक घट्ट होल्डर. उरलेले आठ हजार त्याने बाजूला ठेवलेत, दिवाळीपर्यंत आणखी पाच-सहा जमले की कारप्लेचा ब्रँडेड सेट घ्यायचा म्हणतोय.

सोमवारी सकाळी त्याचा फोन आला, वाकड पुलावर अडकला होता. मागे गाणं चालू होतं. "दादा, या गाण्यात तबला आहे हे मला माहीतच नव्हतं," म्हणाला. मग लगेच, "पण ती नऊ इंची दिसायला भारी होती हां."